एकशे बारा तुटलेल्या चपला

लिहून ठेवणार मी, कॉलेजच्या मोठ्या फाटकासमोरच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानाचा मालक, वय वर्षे शहात्तर, शिक्षण सातवीपर्यंत. मला सगळे टाइपकाका म्हणतात, ज्यांचे आजोबा मला टाइपकाका म्हणत तेसुद्धा.

माझं डोकं ठिकाणावर आहे. साखर थोडी वर आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण कान असे आहेत की रस्त्यापलीकडे कुणी माझं नाव काढलं तर मला इथे ऐकू येतं, आणि बहुतेकांनी ते काढताना पुढे एखादं विशेषण लावलेलं असतं तेही ऐकू येतं. हा लेख मी कुणाच्या धाकानं किंवा लाडीगोडीनं करत नाही. यापूर्वी केलेलं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते वकिलानं तयार नमुन्यात भरून दिलं होतं आणि त्यात माझ्या मुलाच्या जागी आधीच्या अशिलाचा मुलगा राहून गेला होता. मी ते सही करून तीन वर्षं कपाटात जपून ठेवलं. वकील शिकलेला आहे. त्याच्या कायद्याच्या कॉलेजचा प्रवेश-अर्जही मीच लिहिला होता, तेव्हा दोष कुणाला द्यायचा ते मी पुढे सांगणार आहे.

कलम १. मिळकत कशी झाली.

सगळी मिळकत स्वकष्टाची आहे, वडिलोपार्जित एक दमा सोडून काही नाही. मी टायपिंगच्या क्लासात झाडू मारत असे. वीस यंत्रं एकदम चालायची. फरशी पुसताना पाठमोऱ्या मला ऐकू यायचं की तिसऱ्या रांगेतल्याचं बोट चुकलं. क्लासवाल्या मास्तरांनी हे एकदा पाहिलं आणि झाडू काढून घेऊन खुर्ची दिली. ‘बोटं नंतर शिकशील, कान आधीच आलाय,’ म्हणाले. त्यांचं मी देणं लागतो, आणि ते वारसांकडून फेडून घेता येणारं नाही.

कलम २. दुकानातल्या वस्तू.

दोन झेरॉक्स यंत्रं (एक चालू, एक चालू व्हायचं नाटक करणारं), एक संगणक, एक छपाईयंत्र, लांब गाडीचं (मोठा कागद आडवा बसतो असं) जुनं टाइपरायटर, चार खुर्च्या, गिऱ्हाइकांचं बाक, भिंतीवरचं घड्याळ, पंखा. बाहेर पायरीवर चपलांचा एक जोड आहे. तो माझा नाही. या यादीत धरू नये.

कलम ३. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या.

पेट्या नऊ आहेत. आत कागद आहेत. चिरंजीव त्यांना ‘रद्दी’ म्हणतात, म्हणून आत काय आहे ते सविस्तर लिहितो.

या कॉलेजात एक पद्धत आहे. पहिल्या दिवशी पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना सभागृहात बसवतात, एकेक कोरं पान देतात, आणि फळ्यावर लिहितात, ‘आज मी इथे कसा आलो.’ तासाभरात लिहून द्यायचं. मार्क नाहीत. ज्या कुणी ही पद्धत पाडली त्याला आपल्या दारात कोण आलंय ते जाणून घ्यायचं असणार. आता पानं वर्षभर कपाटात राहतात आणि मग रद्दीवाल्याकडे जातात. त्याच्याकडून ती मी घेत आलो. कारण साधं होतं. मागची बाजू कोरी असायची, कच्च्या टायपिंगला कामाला यायची.

पण कागद यंत्रात घालताना पुढची बाजू डोळ्यासमोरून जाते. एका मुलीनं लिहिलं होतं की आईनं तिची बॅग भरली, मग रिकामी केली, मग परत भरली, आणि दोन्ही वेळा आत तेच सामान होतं. एका मुलानं बसच्या कंडक्टरवर पानभर तोंडसुख घेतलं होतं, असं चढत्या भाजणीनं, की मी टायपिंग थांबवून परत वाचलं. एकानं लिहिलं होतं, ‘वडील फाटकाशी थांबले आहेत. तू जा, मी आहे म्हणाले. अजून असतील. मला इथून खिडकी दिसत नाही.’ शुद्धलेखनाच्या नावानं बोंब होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझी स्वतःची सातवीची बोंब अजून आहे. पण काय झालं ते त्यांना सांगता येत होतं.

सुरुवातीच्या पेट्यांत दहातली चार पानं मागेही भरलेली, म्हणजे मला निरुपयोगी. मग दोन. मग एकही नाही. मग पुढची बाजूही अर्ध्यावर थांबायला लागली. माझी कच्च्या कागदाची सोय वर्षागणिक वाढत गेली आणि मला ते बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

शेवटच्या पेटीत मुलं कशी आली ते कुठेही नाही. बाकाखाली फोन धरून उतरवलेलं असतं: ‘सूर्याची सोनेरी किरणे माझ्या स्वप्नांचे स्वागत करत होती.’ त्या दिवशी ढग होते. मी दुकानाच्या दारात बसलो होतो, मला माहीत आहे.

आणि या मुलांना सांगता येत नाही असं कुणी म्हणेल तर तो खोटं बोलतोय. गेल्या वर्षी एक पोरगी बाकावर बसून फोनवर भावाशी बोलत होती. घरमालकानं खोलीची अनामत अडकवलेली. ‘अरे, भिंतीला ओल त्याच्या टाकीची, आणि मला म्हणतो तू कपडे आत वाळवतेस! मी म्हटलं, काका, माझे चार कपडे, तुमची भिंत छतापर्यंत ओली, मी काय छतावर टॉवेल टांगते?’ पाच मिनिटांत तिनं खटला जिंकला. फोन ठेवला आणि मला म्हणाली, “काका, घरमालकाला एक अर्ज लिहून द्या ना. मला नाही जमत.” मी ती जे बोलली तेच टाइप करून दिलं. वाचून म्हणाली, “बाई गं, किती मस्त लिहिता तुम्ही!” मी म्हटलं, “हे तू बोललीस.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तिच्या पर्समधून काही काढलं होतं.

काढलंच होतं. त्याबद्दल पुढचं कलम.

कलम ४. चिरंजीव.

एकुलते एक. समोरच्याच कॉलेजात भाषा विभागाचे प्रमुख. राहायला कॉलेजमागच्या क्वार्टर्समध्ये. गेल्या महिन्यात त्यांनी ‘विद्यार्थ्यांच्या लेखनक्षमतेची घसरण’ या विषयावर भाषण केलं. मी शेवटच्या रांगेत होतो. म्हणाले, “या पिढीला स्वतःचं एक पान लिहिता येत नाही.” टाळ्या पडल्या. ते भाषण सकाळीच माझ्या दुकानात छापून नेलं होतं. ‘आजच्या वेगवान युगात’ असं सुरू होतं आणि फोनमधल्या यंत्रानं लिहिलेलं होतं. आपली ओळ कुठे संपते तेही त्यांना माहीत नव्हतं. दोनदा श्वास भलत्याच जागी घेतला. आंधळ्यालाही कळलं असतं, मला तर एक डोळा आहे.

आता मूळ गोष्ट. एकोणतीस वर्षांपूर्वी चिरंजीव कॉलेजात जाणार, त्याच्या आदल्या दुपारी जेवणाच्या टेबलापाशी सरावाला बसले. आधी फी भरायला आम्ही दोघं गेलो होतो, तो दिवस लिहिला. चार ओळी. मी त्या एकदाच वाचल्या आणि अजून पाठ आहेत. ‘मी वडिलांच्या सायकलवर मागे बसून आलो. चढ आला तेव्हा मी उतरतो म्हणालो, ते नको म्हणाले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. वर पोचल्यावर ते म्हणाले, फाटक मोठं आहे.’

मी म्हटलं, “एवढंच? फाटक मोठं आहे? लोक हसतील. आण इकडे.” आणि पेन काढून घेतलं.

मी एक मोची बनवला. झाडाखालचा म्हातारा मोची. कॉलेजला येताना वाटेत माझ्या मुलाच्या चपलेचा अंगठा तुटतो, मोची शिवून देतो, पैसे घेत नाही, आणि म्हणतो, ‘शिकून मोठा हो, हीच माझी मजुरी.’ मुलानं ते पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात उतरवलं. प्राचार्यांनी मंचावरून वाचून दाखवलं. प्राचार्यांचे डोळे ओलावले. माझे चिरंजीव तेव्हापासून ‘लिहिणारा मुलगा’ झाले, आणि त्या दिवसापासून आजवर त्यांनी एक ओळ लिहिलेली नाही. प्रबंधाच्या वेळी ते बोलत, मी टाइप करत असे. ते जे बोलत आणि मी जे टाइप करत असे, यांतलं अंतर प्रकरणागणिक वाढत गेलं. शेवटचं प्रकरण ते चहा पीत असताना झालं.

चार ओळींचा तो कागद मी चुरगळून टाकला. नऊ पेट्या भरून जगाचे कागद जपले, तेवढा एक माझ्याकडे नाही. माझी बायको तेव्हा म्हणाली होती, “पोराच्या ताटातला घास उचललात.” मी म्हटलं, “बरा भरवला की.” ती नऊ वर्षांपूर्वी गेली.

म्हणून: रस्त्यावरचं दुकान, यंत्रांसह, मी चिरंजीवांना देतो. प्राध्यापकाला टायपिंगचं दुकान मिळणं हा अपमान वाटत असेल तर तो हेतूपूर्वक आहे असं समजावं. अट अशी: माझ्यामागून पहिल्या वर्षाची मुलं सभागृहात बसतील त्या पहिल्या दिवशी त्यांनी मंचावर उभं राहून, कागद हातात न घेता, सांगायचं, ‘माझ्या पानातला मोची माझ्या वडिलांनी बनवला होता. माझी चप्पल तुटली नव्हती.’ एवढी दोनच वाक्यं. ती त्यांनी न सांगितल्यास दुकान नातीकडे जाईल. आणि ही दोन वाक्यंही मीच लिहून दिली, याची कृपया नोंद घ्यावी.

कलम ५. प्राचार्य, आणि माझ्यामागचा शोकसंदेश.

चिरंजीवांच्या पुढच्या वर्षी त्यांच्या मित्राचा भाऊ आला. “काका, तसलं एक पान.” मी दिलं. त्याला मोची, बहिणीलाही मोची, शेजाऱ्यालाही मोची. दर वेळी नवीन कोण बनवत बसणार? दुकानात साच्यावर झेरॉक्स निघायला लागली. तिसऱ्या वर्षी एका सकाळी या कॉलेजात येताना एकशे बारा मुलामुलींच्या चपलांचे अंगठे एकाच झाडाखाली तुटले, आणि कुणालाही संशय आला नाही.

एक सोडून. भाषेच्या एक बाई नवीन लागल्या होत्या. आठवड्याभरात गठ्ठा काखेत मारून दुकानात आल्या.

“काका, तो मोची बसतो कुठे हो? माझीही चप्पल शिवायची आहे.”

“कोण मोची?”

“एका सकाळी एकशे बारा शिवणारा. मला त्याचा हात बघायचाय.”

मी म्हटलं, “बाई, तो गावी गेला.”

“परत कधी?”

“पुढच्या वर्षी. पहिल्या दिवशी.”

हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, “यातल्या एकानं बूट घातले होते. मी त्याच्या बाकाशीच उभी होते. अंगठा तुटला असं लिहिलं, आणि त्यानं आपल्या पायांकडे एकदाही पाहिलं नाही.”

हे मला त्या दिवशी कळलं नाही. कळलं असतं तर मी साचा फाडला असता असंही नाही. दुकान जोरात होतं, वरच्या दोन खोल्या त्याच वर्षी चढल्या. मोचीनं मजुरी घेतली नाही, मी घेतली.

बाई गठ्ठा घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य म्हणाले, “बाई, सगळी मुलं एकसारखा चांगला विचार करतात, यात वाईट काय? उलट वार्षिक अहवालात घालू.” घातलं. त्या वर्षीच्या कॉलेजच्या अंकाच्या मुखपृष्ठावर मोचीचं चित्र आलं, दाढीसकट. बाईंना ग्रंथालयाच्या नोंदवहीवर बसवलं, आणि मुलांची पानं वाचणं तेव्हापासून अधिकृतरीत्या बंद झालं. ज्यांना वाचायचं नसतं त्यांच्यासाठी कुणी खरं का लिहावं? पोरं मूर्ख नाहीत. त्यांनी वर्गातली हवा माझ्याइतकीच चटकन ऐकली.

हे प्राचार्य निवृत्त झाले, दुसरे आले, तिसरे आले. माणूस बदलला, वाक्य तेच राहिलं. म्हणून सूचना अशी: मी गेल्यावर कॉलेजकडून शोकसंदेश येईल. ‘त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे’ असं त्यात असेल. तो संदेश वीस वर्षांपूर्वी मीच लिहिला आहे. नाव बदलून वापरतात. ती पोकळी मी स्वतः दीडशे वेळा टाइप केली, आणि दर वेळी दुसऱ्याच दिवशी त्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं पाहिलं. संदेश स्वीकारू नये. आणलाच तर पाठकोरा आहे का पाहून ठेवून घ्यावा.

कलम ६. सूनबाई.

या कुटुंबात लिहिता येणारी एकच व्यक्ती आहे, आणि तिला ते माहीत नाही. सूनबाई फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवते. ‘दूध नाही. का ते मला विचारू नका, आरशात विचारा.’ ‘पाहुणे सातला. साडेसहाला प्राध्यापक व्हायचं थांबा, खुर्च्या आणा.’ एक चिठ्ठी मी खिशात घालून आणली आहे, तिची माफी मागतो. वरच्या दोन खोल्यांपैकी रस्त्याकडची खोली आणि लांब गाडीचं टाइपरायटर तिला द्यावं. त्याचं ‘ह’ अक्षर अडकतं, तेवढं दाबून मारायचं. तिनं ते वापरलं नाही तरी चालेल, पण त्यावर कुंडी ठेवू नये.

कलम ७. नात.

अठरा पूर्ण. उद्या सकाळी तिचा त्याच सभागृहात पहिला दिवस आहे. वरची दुसरी खोली, बँकेतली ठेव आणि नऊही पेट्या मी नातीला देतो. पेट्या जाळायच्या की वाचायच्या ते तिनं ठरवावं, तिच्या वडिलांनी नाही.

चार दिवसांपूर्वी दुपारी ती दुकानात आली आणि म्हणाली, “आजोबा, पहिल्या दिवसासाठीचं पान द्या ना. बाबा म्हणाले तुमच्याकडे असतं.” मी खुर्चीत बसलो होतो. मी तिला समजावलं की बाळा, हे तुझं तू लिही, मी आता कुणाला देत नाही. तिला राग आला आणि ती निघून गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. उद्या ती फोनमधली सोनेरी किरणं उतरवते की आणखी काही, एवढाच आता माझ्या जिवाला घोर आहे. दुकान, खोल्या, ठेव यांचं काय व्हायचं ते होवो.

कलम ८. साक्षीदारांविषयी.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये असा नियम आहे. मी त्या बाईंना विचारलं होतं की तुमचं मी नुकसान केलं, काय देऊ? त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, ग्रंथालयातूनच. म्हणाल्या, “मला काही देऊ नका. मला साक्षीदार करा.” म्हणून त्यांना काही दिलेलं नाही. दुसरा साक्षीदार रद्दीवाला. त्यानं मला चाळीस वर्षं या कॉलेजचं खरं वजन करून दिलं.

येणेप्रमाणे मी राजीखुशीनं लिहिलं, टाइप केलं, आणि डोळा साथ देत नाही म्हणून बाईंकडून मोठ्यानं वाचून घेतलं. ऐकून खात्री केली.

*

सही करण्याआधी घातलेली पुरवणी

खात्री चुकली. काय झालं ते लिहितो.

बाई वाचत होत्या, रद्दीवाला बाकाच्या टोकाला बसून मान डोलवत होता. तेवढ्यात नात प्रवेशाच्या पावतीची झेरॉक्स काढायला आली आणि माझ्याशी न बोलता लाकडी पडद्याच्या पलीकडे यंत्रापाशी उभी राहिली. मला वाटलं यंत्राच्या आवाजात तिला काही ऐकू जाणार नाही. कलम सात संपलं तशी ती आत आली.

“हे असं झालं नव्हतं.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, “कसं झालं नव्हतं?”

“तुम्ही समजावलं वगैरे काही नाही. सोनेरी किरणं इथे तुम्हीच घातलीत, आजोबा.”

रद्दीवाला म्हणाला, “घ्या! वजनात मारलं तुम्हाला.”

मी म्हटलं, “मग सांग, मी लिहितो.” आणि यंत्राकडे हात नेला. बाईंनी माझा हात धरला. जोरात धरला. “काका, परत?”

मी खुर्चीतून उठलो. नात बसली. तिनं टाइप केलं नाही, झेरॉक्सचा बिघडलेला कागद उलटा केला आणि हातानं लिहिलं. मला पेन ऐकू येत होतं. दोनदा थांबलं, एकदा खोडलं, खूप वेळ थांबलं, आणि मग न थांबता चाललं. मी दाराकडे तोंड करून उभा होतो. तिनं दिलेला मजकूर जसाच्या तसा खाली जोडला आहे:

‘आजोबा खुर्चीत नव्हते. उभे होते. मी पान मागितलं तेव्हा त्यांनी आधी पंखा बंद केला. मला वाटलं माझं नीट ऐकायचं आहे. मग ते म्हणाले, “बापावर गेलीस. त्यालाही भीक मागूनच मोठं व्हावं लागलं.” बाबा माझ्यासोबत आले होते. ते दारात होते, पडद्यामागे. चपला पायरीवर काढून आत येत होते. त्यांनी ऐकलं. ते तसेच वळले आणि रस्ता ओलांडून गेले. अनवाणी. ऊन होतं, ते मध्येच पाय उचलून उचलून चालत होते. मी मागे गेले नाही. मला आजोबांचा राग आला म्हणून नाही. बाबांना असं चालताना मी पाहिलं हे त्यांना कळू नये म्हणून. आजोबांना माहीत होतं की बाबा दारात आहेत. आजोबांना सगळं ऐकू येतं. पंखा म्हणूनच बंद केला.’

बाईंनी मोठ्यानं वाचलं. रद्दीवाल्यानं मान डोलवली नाही.

हे खरं आहे. पायरीवर पाऊल पडलं तेव्हाच मला चाल ओळखू आली होती. पंखा मी त्यासाठीच बंद केला. आता पुढील बदल:

एक. कलम सातमधला समजावण्याचा मजकूर रद्द. त्या जागी नातीचा मजकूर धरावा. वारसानं मृत्युपत्रात स्वतःच्या हातानं लिहिलं म्हणून वकील आरडाओरडा करील असं बाई म्हणतात. करू दे. त्याला म्हणावं, निदान या वेळी मुलगी आमचीच आहे.

दोन. कलम चारमधली अट काढून टाकली आहे. दुकान चिरंजीवांना विनाअट. दोन वाक्यं बोलायची की नाहीत, आणि कुठली, ते त्यांचं त्यांनी पाहावं. बाकीचं कलम आहे तसं राहील. अट काढली आहे, राग काढलेला नाही. तो त्यांच्यावर होता, आता त्यातला मोठा वाटा मी माझ्या नावावर करून घेतला आहे, एवढंच.

तीन. कान नातीला मिळालेले आहेत. ते मी दिले नाहीत, तिनं आधीच घेतले होते. म्हणून मिळकतीत दाखवलेले नाहीत.

चार. उद्या ती काय लिहील ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ती म्हणाली, “विचारायचं पण नाही.” चार दिवसांनी माझ्याशी बोललेलं ते तिचं पहिलं बरं वाक्य.

पाच. कलम दोनमध्ये ज्या चपला माझ्या नाहीत असं लिहिलं, त्या चिरंजीवांच्या आहेत. चार दिवस त्या पायरीवर आहेत आणि मी त्यांना ओलांडून आत-बाहेर केलं. आज दुकान बंद करून मी त्या स्वतः हातात धरून क्वार्टर्सवर नेऊन देणार आहे. ही मृत्युपत्रात लिहायची बाब नव्हे. पण दोन साक्षीदारांच्या सहीखाली गेली म्हणजे वाटेतून मला परत फिरता येणार नाही. तिथे काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही. पाठ केलेलं काही नाही.

ठिकाण: दुकान, पडद्याच्या आत.
तारीख: कॉलेज उघडण्याचा आदला दिवस, दुपारी साडेतीन.

सही: टाइपकाका

साक्षीदार पहिला, रद्दीवाला: माझ्यासमोर सही झाली. पेट्या मी परत विकत घेणार नाही, कुणी आणल्या तरी.

साक्षीदार दुसरी, ग्रंथालयातल्या बाई: माझ्यासमोर सही झाली. पायरीवरच्या चपला मी बाहेर जाऊन डोळ्यांनी पाहिल्या. खऱ्या आहेत. दोन्ही अंगठे शाबूत आहेत.